नवऱ्याचे पूर्वज, विल्टशरचं एक खेडं आणि हरवलेला विल्यम (मदत हवी)

केतकी_विल्टशर
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे कुणी ना कुणी सापडेलच म्हणून टाकतेय. मी इंग्लंडात विल्टशरमध्ये राहते, नवरा इथलाच. सासूबाई यंदा ऐंशीच्या होतायत (मी त्यांना नावानेच हाक मारते, पण इथे सासूबाईच लिहिणार, नाहीतर आईला कळलं तर खैर नाही). गेल्या दिवाळीत बाबांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पाठवला, चांगला वीटेएवढा जाड. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, आमचं असं काही नाही गं, आम्ही आपले कायम इथलेच. मला ते लागलं थोडं. म्हटलं ऐंशीव्या वाढदिवसाला ह्यांचा वंशवृक्ष करून द्यायचा.

सासूबाईंपासून मागे मागे जात १८५१ च्या जनगणनेपर्यंत आले, ते फार अवघड गेलं नाही. तिथे विल्यम भेटला. वय ३७, शेतमजूर, जन्म "याच गावात". गाव प्यूझीच्या खोऱ्यातलं लहानसं, नाव आणि आडनाव देत नाही, सासूबाईंच्या मैत्रिणी इथे मराठी वाचत नाहीत हे माहिती असूनही. तर हा विल्यम १८१३-१४ च्या सुमारास जन्मलेला असणार. गावच्या चर्चच्या रजिस्टरात त्या आडनावाच्या दोन विल्यमचे बाप्तिस्मे आहेत, १८१२ आणि १८१५, आईबाप वेगवेगळे. १८१३-१४ मध्ये कुणीच नाही. लग्न नोव्हेंबर १८३६ चं मिळालं, पण त्यात बापाचं नावच नाही! आता यातला आपला कोण हे कसं ठरवायचं? की दोन्ही नाहीत?

तिरपागडा
रुमाल टाकून ठेवतो.

डॉ_खवचट
शेतमजुराच्या वंशवृक्षात मिळून मिळून मिळणार काय? शेतमजुराचा बाप शेतमजूर, त्याचा बाप शेतमजूर. एक ओळ लिहा, खाली "वरीलप्रमाणे" अशी खूण करत जा, वाढदिवसाच्या आत काम आटपेल.

चिंगी
@डॉ_खवचट, आमच्याकडे शेतमजुराच्या आजोबांचं नाव मिळायची मारामार आणि तिकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या मजुराचं लग्न कुठल्या महिन्यात झालं ते कळतंय, मला तरी हेच भारी वाटलं. आणि तुमच्या कुलवृत्तांतात पण "वरीलप्रमाणे"च असतं की हो, फक्त भिक्षुकी लिहिलेलं असतं.

डॉ_खवचट
भावना पोचल्या :)

स्विंडनकर
केतकी, शेजारीच आहेस की! मी गेली बारा वर्षं हाच उद्योग करतोय, बायकोच्या घराण्याचा. ती मंडळी अशाच खेड्यांतून स्विंडनला रेल्वेच्या कारखान्यात आली, कारखाना १८४३ ला सुरू झाला आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं तिकडे पळाली.

तुझं नशीब थोडक्यात हुकलंय. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या रजिस्टरात दोन्हीकडच्या बापांची नावं आणि धंदे लिहायला लागले. तुझ्या विल्यमने आठ महिने दम धरला असता तर हा धागाच आला नसता. १७५४ पासून १८३७ पर्यंतच्या लग्नाच्या नोंदीत नवराबायको, कुठल्या पॅरिशचे (म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले), लग्न चर्चमध्ये जाहीर पुकारा करून झालं का लायसन्स काढून, आणि सह्या किंवा फुल्या एवढंच. साक्षीदार कोण आहेत बघ. आणि साक्षीदाराचं नाव बघून लगेच हुरळू नकोस, आधी मागची-पुढची दहा पानं चाळ. तोच माणूस प्रत्येक लग्नाला असेल तर तो चर्चचा क्लार्क, तुमचा काका नव्हे. मी एका क्लार्कला दोन वर्षं बायकोचा खापरपणजोबा समजून चाललो होतो.

दुसरं, दफनाचं रजिस्टर आधी बघ. सगळे बाप्तिस्म्यावर उड्या मारतात. कितीतरी पोरं लहानपणीच जायची. १८१३ पासून छापील फॉर्म आले त्यात मयताचं वय आणि राहायचं ठिकाण असतं.

केतकी_विल्टशर
@स्विंडनकर, एक साक्षीदार प्रत्येक पानावर आहे!! दुसरी बायकोची बहीण असावी, तिची फुली. आणि दफन बघितलं आत्ताच. १८१५ वाला विल्यम आठ महिन्यांचा असताना गेला. वाईट वाटलं हो, सकाळपासून त्याला खापरखापरपणजोबा करायच्या बेतात होते.

म्हणजे १८१२ वाला फिक्स?

रानवारा
फिक्स नाही. ३७ की ३९ हा फरक त्या काळात चालून जातो हे खरं, बऱ्याच लोकांना आपलं नेमकं वय माहीतच नसायचं, आणि १८४१ च्या जनगणनेत तर पंधरावरच्या सगळ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची असा नियम होता. पण म्हणून जो हाताला लागला तोच आपला असं करू नका. १८१२ वाल्याला पुढे चालवा. त्याचं लग्न, त्याची पोरं, तो १८५१ ला कुठे आहे. एकाच वेळी दोन घरांत दिसला तर दोन माणसं आहेत.

मोडीवाला
विषय आवडीचा. मी मोडी वाचतो, इंग्रजी कागदांचा अनुभव नाही, पण सध्या आमच्याकडे कुणबी नोंदी शोधायला लोकांची रीघ आहे आणि कोतवाल बुक, म्हणजे नमुना नंबर १४ ची जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, रोज हाताखालून जातात. त्यात पण हाच घोळ. एका गावात एका नावाचे चार, बापाचं नाव आहे तर आजोबाचं नाही. जो माणूस दाखल्यासाठी येतो त्याला कुठलाही एक आपला करून हवा असतो. मी सांगतो बाबा रे, आधी बाकीचे तीन कुठे गेले ते सांग.

एक शंका. तिकडे ही रजिस्टरं कधीपासून आहेत? कुणी म्हणतं चारशे वर्षं, कुणी पाचशे.

स्विंडनकर
@मोडीवाला, हुकूम १५३८ चा. आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल, त्याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आठवड्यातून एकदा वॉर्डनसमोर (चर्चचा कारभार बघणारे गावकरी) बसून बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहायची, आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि एक वॉर्डनांकडे. लोकांना वाटलं नवीन कर येतोय! आता ते त्या वेळी नाही आलं, पण १७८३ ला खरंच आलं, प्रत्येक नोंदीला तीन पेन्स स्टँप ड्यूटी, गरिबांना माफ. ११ वर्षं चाललं ते.

पण १५३८ पासूनची वही सगळीकडे असेल असं नाही. सुरुवातीच्या कागदी वह्या होत्या, १५९८ ला हुकूम आला की सगळं चामड्याच्या पानांवर उतरवून काढा, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनचं. मग काय, उतरवणाऱ्यांनी "विशेषतः" हा शब्द पकडला. म्हणून कितीतरी गावांची रजिस्टरं बरोबर १५५८ ला सुरू होतात, मागचं गेलं. त्याच सुमारास दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत आली, मूळ वही उंदरांनी खाल्ली तर ती नक्कल कामाला येते, आणि मूळ वही धड असली तरी दोन्हीत फरक सापडतात.

मोडीवाला
"विशेषतः" पकडला, हे मात्र अगदी आपल्या तलाठ्यासारखं झालं.

शेंगदाणा
इंग्रज लोक दस्तऐवजाच्या बाबतीत शिस्तीचेच. आपल्याकडे हे शक्य नव्हतं.

रानवारा
@शेंगदाणा, कसली शिस्त. १६४२ पासून त्यांच्या यादवी युद्धात पाद्री पळाले, मग कॉमनवेल्थच्या, म्हणजे राजा नसलेल्या, काळात १६५३ ला नोंदी पाद्र्याकडून काढून गावाने निवडलेल्या माणसाकडे दिल्या, अनेक गावांत १६६० पर्यंतची पानं कोरीच. आणि आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या नामावळी आहेत की पिढ्यान्‌पिढ्यांच्या. फरक एवढाच की तिथे जो तीर्थाला गेला त्याचंच नाव. पॅरिशमध्ये मात्र मेला की नाव लागायचं, पैसे असोत नसोत.

चिंगी
आणि बायकांचं? नामावळीत आणि कुलवृत्तांतात आमची नोंद "कन्या १".

केतकी_विल्टशर
@चिंगी, इथे पण काही फार वेगळं नाही गं. जुन्या बाप्तिस्म्यांत कितीतरी वेळा फक्त "अमक्याचा मुलगा", आईचं नाव नाहीच. नंतर आईचं पहिलं नाव येतं, माहेरचं आडनाव नाही. विल्यमच्या बायकोचं मिळालं कारण लग्न मिळालं.

बरं, अपडेट. १८१२ वाला विल्यम बाद! १८५१ ला तो डिव्हायझेसमध्ये आहे, वेगळी बायको, वेगळी पोरं, आणि त्याच दिवशी आमचा विल्यम इथे गावात. रानवारा, मानलं. आता माझ्याकडे एकही विल्यम नाही.

तिरपागडा
एका विल्यमपायी दोन गेले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आजी_ऑनलाइन
केतकी बाळ, मला यातलं काही कळत नाही पण एक विचारते. त्या विल्यमची आई बाळंतपणाला माहेरी गेली नसेल का? तिकडे असते का गं ती पद्धत? माझ्या तिन्ही मुलांची जन्मनोंद माहेरच्या गावची आहे, कुणी उद्या सासरच्या गावी शोधलं तर मला मूलच नव्हतं म्हणतील.

स्विंडनकर
आजी, नमस्कार तुम्हाला! अगदी हाच सल्ला इथले जुनेजाणते देतात. पहिल्या पोराचा बाप्तिस्मा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये झालेला बरेचदा सापडतो. केतकी, आता आजूबाजूच्या सगळ्या पॅरिश बघ. चालत जाण्याच्या अंतरातल्या, पाच-सात मैल, मग पंधरा. विल्टशर ओपीसी म्हणून स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे, त्यांनी गावोगावच्या नोंदी टाईप करून फुकट ठेवल्यात. फॅमिलीसर्च, फ्रीरेग पण फुकट. पैसेवाल्या साइट नंतर. (एका साइटने माझ्या कार्डावर दुसऱ्या वर्षाचे पैसे न विचारता कापले, म्हणून तारीख लिहून ठेव.)

आणि चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे पण असतात. मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे चॅपलवाल्यांची जुनी रजिस्टरं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत.

शेंगदाणा
डीएनए टेस्ट करून टाका ना सासूबाईंची. थुंकी पाठवली की काम झालं.

रानवारा
थुंकीत बाप्तिस्म्याची तारीख निघत नाही.

शेंगदाणा
पण चौथे-पाचवे चुलतभाऊ निघतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याने हे सगळं आधीच खणून ठेवलेलं असतं. माझ्या मित्राला कॅनडात अख्खं घराणं सापडलं. आणि रजिस्टरातला बाप खराच बाप होता हे पाद्र्याला काय माहीत.

डॉ_खवचट
ऐंशीव्या वाढदिवसाला हे सरप्राइज नको.

वसईचा_नाना
अवांतर: आमच्या वसईत पण चर्चच्या वह्या आहेत. माझ्या आजीचा बाप्तिस्मा बघायला गेलो तर पोर्तुगीजमध्ये नोंद, नावाचं स्पेलिंग तिसरंच, आजीला जन्मभर ज्या नावाने हाक मारली ते वहीत नाहीच. घरी "दुदी" आणि वहीत हे लांबलचक.

मुंबईत राहून इंग्रज पूर्वज शोधणाऱ्यांसाठी: कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फोर्टमधल्या सेंट थॉमसची (१७१८ चं चर्च) बरीचशी माणसं त्यात. पुण्यात खडकीचे गोरे सोजीर पण. विल्टशरचा एखादा पोरगा पलटणीत भरती होऊन इकडे येऊन कॉलऱ्याने गेला तर त्याच्या गावच्या वहीत दफन कधीच मिळायचं नाही.

केतकी_विल्टशर
@वसईचा_नाना, विल्यमचा एक भाऊ असाच गायब आहे, बघते.

शेजारच्या अकरा पॅरिश झाल्या. डोळे गेले. आणि स्पेलिंग! आडनाव सात प्रकारे सापडलंय, एकाच पाद्र्याने एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलंय. "जेफ्से" नावाचा माणूस तीनदा दिसला, म्हटलं हे कुठलं नाव, तर तो जेसी! दोन एस आले की पहिला लांब काढायचे, तो एफसारखा दिसतो. कुणी टाईप करताना जेफ्सेच केलंय, म्हणून सर्चमध्ये जेसी येत नाही.

मोडीवाला
यावर उपाय एकच, सर्चवर विसंबू नका, पानाचा फोटो बघा. आणि तारखा बघताना जपा, मी परवाच वाचलं की त्यांचं वर्ष पूर्वी मार्चमध्ये बदलायचं?

स्विंडनकर
हो, २५ मार्चला. १७५२ पासून १ जानेवारी धरायला लागले. त्याआधीच्या वहीत डिसेंबर १७०० नंतर फेब्रुवारी १७०० येतो. लग्न मे मध्ये आणि पोर त्याच वर्षी फेब्रुवारीत बघून घाबरायचं नाही, ते नऊ महिन्यांनंतरचंच आहे. केतकीला अजून तिथपर्यंत जायचंय.

एक राहिलं. विल्यमचं जन्मगाव नुसतं १८५१ चं बघितलंस का? १८६१, ७१ चं?

केतकी_विल्टशर
१८६१ ला "याच गावात". १८७१ बघितलं नव्हतं, वाटलं तेच असणार. आत्ता बघितलं. दुसरंच गाव!! कालव्याकाठचं, इथून अकरा मैल. माझ्या अकरा पॅरिशमध्ये ते नव्हतंच, च्यायला. दोनदा एक सांगितलं आणि मग माणूस बदलला कसा?

रानवारा
भीती गेली असेल. हा माझा आवडता विषय म्हणून जरा सविस्तर.

१६६२ च्या सेटलमेंट कायद्याने प्रत्येक गरीब माणसाची एक "हक्काची पॅरिश" ठरायची. आजारी पडला, काम गेलं, तर खायला घालायची जबाबदारी त्या पॅरिशची, आणि तो पैसा गावातल्याच घर-जमीनवाल्यांवर पट्टी बसवून गोळा व्हायचा. त्यामुळे दुसऱ्या गावचा माणूस आपल्या गळ्यात पडू नये म्हणून सगळ्यांची धडपड. हक्क बापाकडून यायचा, बायकोला नवऱ्याकडून, किंवा एखाद्या गावात अविवाहित असताना पूर्ण एक वर्ष करारावर चाकरी केली तर तिथला मिळायचा. पूर्ण वर्ष! म्हणून कित्येक शेतकरी गड्याला ५१ आठवड्यांसाठीच ठेवायचे.

माणूस दारिद्र्यात आला की त्याला दोन मॅजिस्ट्रेटांसमोर उभा करून जबानी घ्यायचे आणि हक्काच्या गावी बायकापोरांसकट पोचवून यायचे. १८४६ ला नियम आला की सलग पाच वर्षं राहिलेल्याला हाकलता येणार नाही, १८६१ ला तीन वर्षं, १८६५ ला एकच. जनगणनावाल्याला खरं जन्मगाव सांगितलं तर उद्या बोचकं बांधायला लावतील अशी धास्ती लोकांना असायची. विल्यमलाही तेच वाटलं असेल असा माझा अंदाज, पुरावा नाही. तुमच्या कागदांत ती जबानी मिळाली तर सोनं. हे कागद चर्चच्या वहीत नसतात, पॅरिशच्या पेटीतले ओव्हरसिअरचे (गरिबांच्या मदतीचा कारभार बघणाऱ्याचे) कागद म्हणून वेगळे असतात, आणि बऱ्याचदा ऑनलाइन नसतात.

तिरपागडा
५१ आठवडे!! म्हणजे आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार.

चिंगी
आणि माझ्या नवऱ्याची कंत्राटी प्राध्यापकी.

डॉ_खवचट
मागे घेतो शब्द. मला वाटलं होतं "वरीलप्रमाणे".

केतकी_विल्टशर
उशीर झाला, सॉरी. गेल्या गुरुवारी चिपनमला काउंटीच्या दप्तरखान्यात जाऊन आले. आधी कालव्याकाठच्या गावचं रजिस्टर: विल्यम, बाप्तिस्मा ऑक्टोबर १८१३, छापील फॉर्म, बाप थॉमस, मजूर. आजी, तुमचं निम्मं बरोबर, दुसऱ्या गावात होता, पण माहेर नव्हतं ते.

मग ओव्हरसिअरच्या कागदांचं खोकं मागवलं. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. कागद स्पंजच्या उतरत्या ठोकळ्यावर ठेवायचा आणि मणी भरलेली कापडी लड वर टाकायची म्हणजे उडत नाही. चार घड्या घातलेला एक कागद, घडीवर काळपट रेघ. अर्धा छापील, मोकळ्या जागा शाईने भरलेल्या. फेब्रुवारी १८१७. थॉमस, त्याची बायको मेरी, आणि त्यांची मुलं: एलिझाबेथ वय सुमारे ६, जेम्स ५, विल्यम ३, आणि अ‍ॅन पाच महिने. हे सगळे "आमच्या पॅरिशवर बोजा झाले आहेत" म्हणून यांना अमुक पॅरिशला पोचवावं. ते अमुक पॅरिश म्हणजे सासूबाईंचं गाव.

त्याच खोक्यात थॉमसची जबानी. अठरा वर्षांचा असताना मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरीला, आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने राहिला, चार पौंड, पूर्ण वर्ष काढलं, त्यानंतर कुठे हक्क मिळवण्यासारखं काही केलं नाही. खाली फुली. शाई तिथे जरा फुटलीय, पेन दाबून धरलं असावं. बाकी पानावर कारकुनाचं सुंदर अक्षर आणि ही एकच गोष्ट त्याने स्वतः काढलेली.

म्हणजे त्या शेतकऱ्याने ५१ आठवड्यांवर घालवला असता तर हे कुटुंब इथे आलंच नसतं.

रानवारा
नोंदलेल्या वर्षाकडे बघा. १८१६ ला उन्हाळाच झाला नव्हता, तांबोरा ज्वालामुखी फुटून गेल्याचा परिणाम, पिकं बुडाली, पाव महाग, आणि वॉटर्लूनंतर हजारो सैनिक घरी परतलेले. त्या हिवाळ्यात असे कागद गावोगाव निघाले.

वसईचा_नाना
आणि त्याच १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई. इकडे कंपनी पेशवाई गिळत होती आणि तिकडे तीन वर्षांचा विल्यम गाडीतून अकरा मैल.

चिंगी
गाडी कसली, चालत नेलं असेल.

मोडीवाला
पाच महिन्यांचं मूल घेऊन, फेब्रुवारीत.

स्विंडनकर
केतकी, जबरदस्त. बारा वर्षांत मला एकही जबानी मिळालेली नाही. जळलो. सासूबाई काय म्हणाल्या?

केतकी_विल्टशर
वाढदिवसापर्यंत पोटात राहिलं नाही, कालच दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं, "बोजा" शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, म्हणजे आम्ही इथले नाहीच. मी म्हटलं अकरा मैल हो फक्त. त्या म्हणाल्या, तू किती मैलांवरून आलीस? मी साताऱ्याचं अंतर फोनवर काढून दाखवलं तर हसायला लागल्या. रविवारी त्यांना त्या कालव्याकाठच्या गावी नेतेय. थडगं वगैरे मिळणार नाही, मजुरांना कुठला दगड, पण त्यांना तो रस्ता बघायचाय. गाडीने जायचं, पण परत येताना शेवटचा एक मैल चालायचं म्हणतायत.

आजी_ऑनलाइन
थर्मास ने गं सोबत. गुडघे कसे आहेत त्यांचे?

तिरपागडा
मग थॉमसचा बाप कोण?

केतकी_विल्टशर
जबानीत जन्मगाव तिसरंच आहे. तिथलं रजिस्टर उघडलं, त्या आडनावाचे थॉमस चार.

तिरपागडा
रुमाल तसाच ठेवतो.